वायफाय स्लो आहे म्हणून प्लॅन वाढवू नका, आधी घर मोजा

मी सिडकोत राहते आणि नाशिकभर घरांत, दुकानांत, ऑफिसांत नेटवर्कची कामं करते. केबल ओढणं, राउटर बसवणं, कॅमेरे जोडणं, कारखान्यात नेटवर्कचे स्विच (एका केबलवरून अनेक यंत्रं जोडणारे डबे) लावणं, असं सगळं. मला येणारे बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "ताई, नेट फार स्लो चालतंय, शंभरचा प्लॅन दोनशेचा करू का?" मी सांगते, थांबा, आधी मोजा. राउटरपर्यंत शंभर एमबीपीएस (सेकंदाला शंभर मेगाबिट, हे नेटच्या वेगाचं माप) नीट पोचत असतील आणि आतल्या बेडरूममध्ये आठच मिळत असतील, तर दोनशेचा प्लॅन घेऊनही तिथे आठच मिळणार. दर महिन्याला जास्तीचे पैसे जातील आणि मुलाचा ऑनलाइन क्लास तसाच अडकत राहील. लोकांचे असे पैसे वाया जाताना बघून मला वाईट वाटतं, म्हणून घरच्या घरी काय तपासायचं आणि काय बदलायचं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

पहिलं काम मोजणीचं

एक वही किंवा कागद घ्या. लॅपटॉप असेल तर तो लॅन केबलने थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, घरातल्या बाकीच्या मोबाइलांचं वायफायही पाच मिनिटं बंद ठेवा आणि स्पीडटेस्ट चालवा. आकडा लिहून ठेवा. हीच चाचणी सकाळी, दुपारी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास करा. रात्रीची वेळ महत्त्वाची, कारण तेव्हा गल्लीतली सगळी घरं एकदम नेट वापरत असतात.

मग केबल काढा आणि मोबाइल घेऊन घरभर फिरा. राउटरपासून पाच-सहा फुटांवर एक चाचणी, हॉलमध्ये एक, प्रत्येक खोलीत एक, आणि जिथे बसून खरंच काम करता त्या जागी एक. प्रत्येक आकड्यापुढे जागा लिहा.

आता वहीच सांगते दोष कुठे आहे. केबलवर पूर्ण वेग मिळतो आणि खोलीत मिळत नाही, तर दोष तुमच्या वायफायचा. केबलवरच कमी मिळतो, पण फक्त रात्री, तर पुरवठादाराच्या लाइनवर गर्दी आहे. केबलवर दिवसभर कमी मिळतो, तर फायबर, राउटर किंवा प्लॅनची डेटा मर्यादा तपासायला हवी. महिन्याची ठरलेली मर्यादा संपली की बरेच प्लॅन वेग उतरवतात. तेव्हा महिनाअखेरीसच त्रास होत असेल तर आधी पुरवठादाराच्या अ‍ॅपमध्ये वापर बघा.

एक आकडा मात्र लक्षात ठेवा: ९३ ते ९५. प्लॅन दीडशेचा किंवा तीनशेचा आहे आणि केबलवर वेग बरोबर याच आकड्याच्या आसपास अडकून बसतो, तर मधला कुठला तरी पोर्ट (केबल खोचायची जागा) किंवा केबल फक्त १०० एमबीपीएसवर चालते आहे. स्वस्त राउटरचे पोर्ट १००चेच असतात. पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) असेल तर केबल बघा. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १००ला दोनच पुरतात. एक तार तुटली किंवा जॅकमध्ये नीट बसली नाही की जोडणी बऱ्याचदा गुपचूप १००वर उतरते. नेट चालू राहतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. विंडोजमध्ये इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड दिसतो. तिथे १००० ऐवजी १०० दिसला की केबल बदलायची.

एमबीपीएस (मेगाबिट) आणि एमबी (मेगाबाइट) यांत गल्लत करू नका, आठ बिटांचा एक बाइट होतो. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. मोठी फाइल उतरवताना बारा एमबीचा आकडा दिसत असेल तर तुमचा शंभरचा प्लॅन पुरेपूर मिळतो आहे.

वेग चांगला दिसतो आणि तरी कॉल तुटतो, अशी तक्रार असेल तर पिंग करून बघा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजा. लॅपटॉप वायफायवर ठेवून कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी राउटरच्या पत्त्याला पिंग करा (तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो). मग ८.८.८.८ ला करा, तो बाहेरचा, गुगलचा पत्ता आहे. राउटरचंच उत्तर कधी २ मिलिसेकंदांत, कधी ३००त येत असेल तर गडबड घरातल्या हवेत आहे. राउटरचं उत्तर स्थिर आणि बाहेरचं वरखाली होत असेल तर ती घराबाहेर आहे, किंवा घरातलं कुणीतरी लाइन भरून टाकतं आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

नाशिकच्या भिंती

वेग सगळ्यात जास्त खातात त्या भिंती. आणि आपल्या शहरात भिंतींचे इतके प्रकार आहेत की एका घराचा उपाय दुसऱ्या घराला लागू पडेलच असं नाही.

जुन्या नाशकात, रविवार कारंजा, भद्रकाली, सराफ बाजार या भागात वाड्यांच्या भिंती फूट-दीड फूट जाडीच्या असतात. अशी एक भिंत पार केली की ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल (वायफायच्या दोन लहरींपैकी वेगवान, पुढे सांगते) जवळजवळ संपतो. पण वाड्यात एक सोय असते: मधला चौक आणि लाकडी माडी. लाकडातून सिग्नल बराच पार होतो. म्हणून अशा घरात मी राउटर खालच्या सोप्यात ठेवण्याऐवजी माडीवर, चौकाकडे तोंड असलेल्या जागी ठेवते. चौकातून खालच्या दोन-तीन खोल्या बऱ्यापैकी सांभाळल्या जातात.

सिडकोतल्या आणि इंदिरानगरच्या रो-हाउसची गोष्ट निराळी. मूळ घर लहान, मग मागे एक खोली वाढवली, वर मजला चढवला, पुढे गॅलरी बंद करून घेतली. त्यामुळे आज घराच्या मधोमध दिसणारी भिंत ही मुळात बाहेरची, नऊ इंची असते. शिवाय घर लांबट. राउटर दाराजवळ पुढच्या खोलीत आणि अभ्यासाची खोली सगळ्यात मागे, मध्ये स्वयंपाकघर. एका राउटरने असं घर भागत नाही, आणि कितीही महागडा राउटर आणला तरी भागत नाही. तिथे मागे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून नेट घेऊन तिथे वायफाय देणारं यंत्र) हवाच.

पाथर्डी फाटा आणि गंगापूर रोडकडच्या बऱ्याच नव्या टॉवरांमध्ये भिंती विटांच्या नसून पूर्ण काँक्रीटच्या असतात, आत लोखंडी सळ्यांची जाळी. बिल्डरच्या भाषेत मायव्हन. दिसायला भिंत पातळ, पण सिग्नलला फार जड. फ्लॅट नवा आहे म्हणून वायफाय चांगलं चालेल, असं गृहीत धरू नका. मात्र या फ्लॅटमध्ये बिल्डरने टीव्हीसाठी आणि टेलिफोनसाठी कन्सील्ड, म्हणजे भिंतीत दडवलेले, पाइप टाकलेले असतात. त्याचा उपयोग कसा करायचा ते पुढे येतंच.

भिंतींखेरीज घरातल्या वस्तू. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, माळ्यावरची पाण्याची टाकी, माशांची टाकी. धातू सिग्नल परतवतो, पाणी शोषून घेतं. राउटर आणि तुमची खुर्ची यांच्यामध्ये मनातल्या मनात सरळ रेघ ओढा आणि वाटेत काय येतं ते बघा. लोखंडी कपाट चार फूट सरकवल्यावर खोलीतला वेग दुप्पट-तिप्पट झालेला मी पाहिला आहे.

पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये तर हे टोकाचं दिसतं. कोल्ड स्टोरेजच्या भिंती म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये फोम. दार लावलं की आत मोबाइलला बाहेरचं वायफाय मिळतच नाही. हंगामात, जानेवारीपासून पुढे, आतल्या कामगाराला पेट्यांचे बारकोड स्कॅन करायचे असतात आणि स्कॅनर अडकून बसतो. तिथे बाहेरचा सिग्नल वाढवण्यात अर्थ नाही. केबल आत नेऊन आतच अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचा, आणि केबल ज्या भोकातून नेली ते सीलंटने बंद करायचं, नाहीतर गारवा बाहेर जातो.

राउटर कुठे ठेवायचा

फायबर जोडायला येणारा मुलगा राउटर जिथे ठेवतो ती त्याच्या सोयीची जागा असते: मुख्य दाराच्या वर, खिडकीशी, नाहीतर टीव्हीच्या कपाटात. त्याला दिवसभरात पुष्कळ घरं करायची असतात, त्याचा दोष नाही. पण त्या दिवशी तुम्ही घरी थांबा आणि सांगा, "दादा, फायबर दहा मीटर अजून आत घ्या, राउटर पॅसेजमध्ये बसवायचाय." जोडणीच्या दिवशी हे दहा मिनिटांचं काम असतं. नंतर सांगितलंत तर वेगळी तक्रार, वेगळी फेरी, कधी वेगळे पैसे.

जागा घराच्या मध्याशी, जमिनीपासून पाच-सहा फूट उंच आणि उघडी हवी. कपाटात बंद राउटर तापतो आणि तापला की मंदावतो. उन्हाळ्यात तर फारच. फ्रिजच्या डोक्यावर, टीव्हीच्या मागे, मायक्रोवेव्हच्या शेजारी ठेवू नका. अँटेना उभ्या ठेवा. अँटेनाचा सिग्नल तिच्या टोकातून न निघता तिच्या चहूबाजूंना आडवा पसरतो. टोक बेडरूमकडे वळवून ठेवलं तर बेडरूमलाच कमी मिळतं. घर दोन मजली असेल तर एक अँटेना आडवी करून बघा.

जागा बदलल्यावर पुन्हा वही घेऊन फिरा. अँड्रॉइडवर वायफायचा सिग्नल डीबीएममध्ये दाखवणारी फुकट अ‍ॅप्स आहेत. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६०-६५पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो, उणे ७०च्या खाली तक्रारी सुरू होतात, उणे ८०ला फक्त नाव दिसतं, नेट चालत नाही.

२.४ आणि ५ यांची वाटणी

राउटर ड्युअल बँड असेल तर तो दोन लहरींवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ दूर जातो, भिंती तुलनेने बऱ्या पार करतो, पण त्यावर गर्दी प्रचंड. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (पट्ट्याचे भाग) तीनच: १, ६ आणि ११. कॉलेज रोडच्या एखाद्या इमारतीत अ‍ॅप उघडलं की वीस-पंचवीस नावं सहज दिसतात, आणि ती सगळी या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसलेली. अ‍ॅपमध्ये बघून यांतला सगळ्यात मोकळा चॅनेल राउटरमध्ये पक्का करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की शेजाऱ्यांचा गोंगाट दुप्पट ऐकू येतो. ३ किंवा ८ असा मधला चॅनेल रिकामा दिसला म्हणून घेऊ नका, दोन्हीकडचा त्रास वाट्याला येतो.

५ गिगाहर्ट्झवर चॅनेल पुष्कळ आणि वेगही जास्त, पण तो भिंतीला दबतो. साधा हिशोब सांगते. २.४वर, २० मेगाहर्ट्झ रुंदीत, जुन्या किंवा स्वस्त मोबाइलची जोडणी फार तर ७२ एमबीपीएसची होते आणि त्यातून हातात चाळीस-पन्नासच येतात. म्हणून शंभरच्या प्लॅनचे शंभर २.४वर दिसत नाहीत म्हणून पुरवठादाराशी भांडण्यात अर्थ नाही. राउटरच्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५ वापरा.

मी दोन्हींना वेगळी नावं देते, एकाच्या पुढे "५" लावून. लॅपटॉप, टीव्ही, चांगले मोबाइल ५वर आणि स्मार्ट प्लग, कॅमेरे, जुने मोबाइल २.४वर. मोबाइलवर सोडलं तर तो दूर गेल्यावर २.४ धरतो आणि जवळ आला तरी बराच वेळ तिथेच राहतो.

इथे आणखी एक गोष्ट कळली पाहिजे. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. रेशनच्या दुकानात एकाचा अंगठा मशीनवर उमटत नसला की मागची सगळी रांग खोळंबते, तसं लांबच्या खोलीतला एक जुना मोबाइल हळूहळू बोलत राहिला की बाकीच्यांची पाळी उशिरा येते. म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतला कमजोर सिग्नल हॉलमधल्यांनाही त्रास देतो. तो कोपरा सुधारला की सगळ्या घराचं नेट सुधारतं.

राउटरच्या सुरक्षा सेटिंगमध्ये टीकेआयपी (पासवर्ड-सुरक्षेची जुनी पद्धत) निवडलेलं असेल तर ते काढून डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धती निवडा. टीकेआयपीवर नव्या पद्धतीचा वेग मिळतच नाही, जोडणी ५४ एमबीपीएसवरच अडकते. पासवर्डही बदला. मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवलेली अर्धी गल्ली आहे, आणि त्या अर्ध्या गल्लीचं नेट उरलेली अर्धी गल्ली वापरते.

हलत नाही त्याला वायर

माझं सगळ्यात ठाम मत हे: जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर लावा. टीव्ही, डेस्कटॉप, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. यांना वायफायवर ठेवलं की हवेतली जागा ते खातात आणि हातातल्या मोबाइलला कमी उरते. टीव्हीवर ४के सिनेमा चालतो तेव्हा पंधरा एमबीपीएसचा सततचा ओघ असतो. तो वायरवर गेला की वायफाय मोकळं होतं. आणि वायरवर ना भिंत, ना शेजारी, ना मायक्रोवेव्ह.

केबल कॅट ६ घ्या आणि शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल निम्म्या भावात मिळते. तार नखाने किंवा ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरट दिसलं तर ती नको. अशी तार लवकर तुटते आणि जॅकमध्ये सैल पडते. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर, घरात तेवढी लागतच नाही. कन्सील्ड पाइप असेल तर त्यातून ओढा. आधी स्प्रिंग सरकवून बघा पाइप मोकळा आहे का. विजेच्या तारांच्या पाइपमधून मात्र ओढू नका, सुरक्षेसाठीही आणि सिग्नलसाठीही. पाइप नसेल तर भिंतीच्या कडेने केसिंग पट्टी लावा. पांढऱ्या भिंतीवर पांढरी पट्टी आठवड्याभरात नजरेला दिसेनाशी होते. घरातल्या मोठ्यांना आधी विचारून घ्या, एवढं नक्की.

जॅक स्वतः बसवायचा असेल तर रंगांचा क्रम असा, जॅकची खिटी खाली आणि तारा आत जाताना डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. दोन्ही टोकांना हाच क्रम. हिरवी जोडी फुटून निळ्याच्या दोन्ही बाजूंना जाते, चुका तिथेच होतात. दाबण्याआधी आठही तारांची टोकं जॅकच्या पुढच्या पारदर्शक टोकाला टेकलेली दिसली पाहिजेत, आणि बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण जॅकच्या आत गेलेलं हवं.

मागच्या खोलीत वायफाय हवं असेल तर नवीन काही न घेता जुना राउटर उपयोगी पडतो. जुना राउटर लॅपटॉपला केबलने जोडा आणि त्याचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग त्यातलं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवा, चॅनेल वेगळा: मुख्य १वर असेल तर हा ६ किंवा ११वर. मग मुख्य राउटरकडून आलेली केबल याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट घेणाऱ्या) नाही. झाला तुमचा अ‍ॅक्सेस पॉइंट. डीएचसीपी बंद करायचं विसरलात तर दोन राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायला लागतात आणि कधी नेट चालतं, कधी नाही.

एमजी रोडच्या दुकानांत भिंतीच्या सॉकेटला लावायचे रिपीटर (वायफाय पकडून पुढे सोडणारी यंत्रं) हजार-दीड हजाराला मिळतात आणि लोक तेच आधी आणतात. मी ते शेवटचा उपाय म्हणून सुचवते. एकाच बँडवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर प्रत्येक गोष्ट दोनदा हवेत सोडतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. भाड्याचं घर आहे, केबल ओढू देत नाहीत, अशा वेळी घ्या. पण जिथे सिग्नल येतच नाही त्या खोलीत लावू नका. जिथे उणे ६०च्या आसपास सिग्नल आहे त्या मधल्या जागी लावा. मेश संचाचं (एकत्र मिळून घरभर वायफाय देणाऱ्या यंत्रांच्या जोडीचं) ही तेच: त्यातली यंत्रं आपसात वायरने जोडली तर उत्तम, हवेतून जोडायची असतील तर ती एकमेकांच्या चांगल्या पल्ल्यात ठेवा.

ऑफिस असेल तर

शरणपूर रोडवर एका सीएंच्या ऑफिसात जुलैमध्ये, रिटर्न भरण्याच्या ऐन गडबडीत, रोज दुपारी तीननंतर सगळं ठप्प व्हायचं. प्लॅन तीनशेचा होता. डाउनलोड चाचणीत वेगही बरा दिसायचा, पण पिंग ४०० मिलिसेकंदांच्या वर. शोधलं तर तीन कॉम्प्युटर क्लाउडवर बॅकअप चढवत होते आणि बॅकअपची वेळ दुपारची ठेवलेली होती. अपलोड भरलं की डाउनलोडही रेंगाळतं, कारण प्रत्येक उतरणाऱ्या तुकड्याची पोच उलट दिशेने जावी लागते. बॅकअप रात्री साडेदहाला लावला आणि अपलोडला मर्यादा घातली. एक रुपया खर्च झाला नाही. घरातही हेच होतं: मुंजीचे हजारभर फोटो मोबाइलवरून आपोआप चढत असतात आणि वडिलांचा व्हिडिओ कॉल अडकतो. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएमची (वापराला शिस्त लावून कुणालाही लाइन भरू न देणारी) सोय असेल तर ती चालू करा आणि मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवा.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एका कॉम्प्युटरवर आणि बाकीचे त्यावर काम करतात, अशी रचना असेल तर ते सगळे कॉम्प्युटर गिगाबिट स्विचवर वायरनेच हवेत. वायफायवर टॅली चालवून "टॅली स्लो झालं" म्हणणारे पुष्कळ भेटतात. दहा-बाराहून जास्त माणसं असतील तर छताला लावायचा अ‍ॅक्सेस पॉइंट घ्या, ज्याला वीजही लॅन केबलमधूनच मिळते. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा. आणि स्विचजवळ पडलेली मोकळी केबल दिसली की कुणीतरी ती उचलून त्याच स्विचमध्ये लावतं. एकाच केबलची दोन्ही टोकं साध्या स्विचमध्ये गेली की अख्खं ऑफिस बंद पडतं. प्रत्येक केबलवर दोन्ही टोकांना नाव लिहा.

सातपूर-अंबडच्या शेडमध्ये पत्र्याचं छत आणि यंत्रं यांमुळे सिग्नल उड्या मारतो. तिथे एक मोठा राउटर लावण्यापेक्षा दोन-तीन लहान अ‍ॅक्सेस पॉइंट कमी पॉवरवर लावलेले बरे.

दोष बाहेरचा असेल तर

फायबरच्या मोडेमवर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही, घरात काही करून उपयोग नाही. दिवा ठीक आहे पण वेग कमी, तर मोडेमच्या सेटिंगच्या पानावर येणारी ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये) बघा. उणे १५ ते उणे २५पर्यंत ठीक, उणे २७च्या खाली गेली की लाइन धडपडायला लागते. बऱ्याचदा कारण घरातच असतं: फायबर दाराच्या फटीत चेपलेली, खिळ्याने घट्ट आवळलेली, किंवा राउटरमागे लहान वेटोळं करून खोचलेली. वेटोळं बशीएवढं तरी मोठं ठेवा. कनेक्टरच्या टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोळा घालून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला चांगला नाही.

सध्या सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात जागोजागी रस्त्यांची कामं चालू आहेत, खोदकामात फायबर तुटते आणि घाईत जोडली जाते. तुमच्या रस्त्यावर काम झाल्यापासून वेग उतरला असेल तर तक्रारीत ते आवर्जून सांगा. फोनवर "नेट स्लो आहे" एवढंच म्हणू नका. वही समोर ठेवून सांगा: केबलवर मोजलं, रात्री साडेनऊला शंभरपैकी अठरा मिळाले, सकाळी पंच्याण्णव, पॉवर उणे २८. असे आकडे दिले की समोरचा माणूस राउटर बंद-चालू करायला सांगण्यात वेळ घालवत नाही, थेट पॉवर मीटर घेऊन माणूस पाठवतो. तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. तक्रार सुटली नाही तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीचा अपिलाचा अधिकारी असतो आणि त्याच्याकडे जाताना हाच नंबर लागतो.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलल्याने वेग वाढतो असं ऐकून येणारेही असतात. पान उघडायला लागणारा सुरुवातीचा क्षण थोडा कमी होतो, डाउनलोडचा वेग तेवढाच राहतो. राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवणं त्याहून उपयोगाचं.

राहिली वीज. घराला इन्व्हर्टर असला तरी लाइट जाते-येते त्या क्षणी राउटर बऱ्याचदा रीस्टार्ट होतो आणि कॉल तुटतो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस हा प्रश्न मिटवतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुतेक १२ व्होल्टचे असतात पण काही ९चेही असतात, आणि फायबरचा मोडेम वेगळा असेल तर दोन्हींना पुरेल असा दोन तोंडांचा घ्या. पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या की गच्चीवरून किंवा बाहेरून आलेली लॅन केबल राउटरमधून काढून ठेवा. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, तांब्याच्या केबलमधून येते आणि राउटरचे पोर्ट जाळून जाते.